नाताळचं चाक

त्या हिवाळ्यात आमच्या घरातला ठोकण्याचा आवाज बंद झाला. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. सुताराच्या घरी जन्मलेल्या पोराला आवाजावरून सगळं समजतं. लाकूड तासायचा वाकस चालला की सकाळ झाली, रंधा चालला की काम पुढे सरकलंय, आणि घणाचा दणका आला की चाकात आरे बसताहेत, म्हणजे संध्याकाळी घरात वरण शिजणार. आमचं घर धुळ्याच्या कडेला, पत्र्याच्या दोन खोल्यांचं. पुढे निंबाच्या झाडाखाली आबांचं दुकान. दुकान म्हणजे चार खांब, वर कुडाचं छप्पर आणि खाली लाकडाच्या कपच्यांचा थर. आबा, त्यांचे वडील आणि त्या वडिलांचे वडील, तिघांनीही जन्मभर बैलगाडीची चाकंच केली. दार, खिडकी, खाट असली कामं आमच्याकडे कमी दर्जाची समजली जात. मग टायरच्या गाड्या आल्या. कापसाच्या गाठी काय, ऊस काय, सगळं रबरी चाकांवर जायला लागलं. आधी नवी चाकं थांबली, मग जुन्यांची डागडुजी थांबली. शेवटची एक जोडी कोणीतरी सांगून गेला आणि न्यायला आलाच नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि आबा तिच्यासमोर पोत्यावर बसून असायचे. हत्यारांना रोज तेल लावायचे, रोज पुसून ठेवायचे. दोन्ही हात मोकळे.

माय जिनिंगमध्ये जायची. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि ती उंबऱ्यावर बसून खोकायची. खोकून झालं की चूल. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, हेच बहुतेक दिवस. तेल असलं तर ठेच्यावर, नसलं तर पाणी. भाकर ताटात टाकताना ती आबांकडे बघायची नाही. बोलायची मात्र. "चाकं खावानी सोय व्हती तर बरं व्हतं," असं चुलीला सांगितल्यासारखं म्हणायची. आबा ऐकायचे आणि अर्धी भाकर तशीच ठेवून उठायचे. त्या थंडीत त्यांचं जेवण कमी कमी होत गेलं. गालांची हाडं वर आली. दाढी करायचंही त्यांनी सोडलं होतं. मी त्यांना पाणी नेऊन दिलं की तांब्या हातात घेऊन तसेच बसायचे, प्यायचं विसरून.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मॅट्रिकपर्यंतही मीच. आबांना सही येत होती, मायला तीही नाही. मला अक्षरांचं वेड लागलं ते गाड्यांमुळे. चाकं झाली की शेतकरी म्हणायचे, गाडीवर नाव टाकून द्या. आबांनी तो ब्रश माझ्या हातात दिला तेव्हा मी तिसरीत होते. गाडीच्या मागच्या फळीवर कमळ, दोन बाजूंना मोर आणि मधे मालकाचं नाव. चुकलं तर टर्पेंटाइनने पुसायचं. माझी अक्षरं पंचक्रोशीतल्या बैलांमागे फिरली आहेत, हे मी आजही कोणाला सांगायला लाजत नाही. नंतर मास्तरीण झाले, फळ्यावर हजारो अक्षरं काढली. पण त्या फळीवरच्या नावांइतकी ठसठशीत एकही आली नाही.

कार्तिक संपता संपता मामाचं बोलावणं आलं. मामा सुरतेला होता. त्याने आबांसाठी एका कारखान्यात राखणदाराचं काम बघितलं होतं, मायसाठी साड्यांना टिकल्या लावण्याचं, आणि माझ्यासाठीही तेच. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तो टेम्पो घेऊन येणार आणि आम्हाला सामानासकट घेऊन जाणार, असं ठरलं. माझ्या परीक्षेचं कोणी काढलं नाही. मीच एकदा काढलं. माय म्हणाली, "परीक्षा देईसन काय, टिकल्या सरळ लागतीस का?" ती वाईट बाई नव्हती. तिला खोकला होता आणि समोर दुसरी वाट दिसत नव्हती. मी पुस्तकं फडक्यात बांधली. मग सोडली. मग परत बांधली. तेवढंच माझ्या हातात होतं.

अशात एके दिवशी वळवी सिस्टर आल्या. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स, नवापूरकडच्या, ठेंगण्या आणि भरभर चालणाऱ्या. कुबडीचं टोक निघालं की त्या आबांकडे आणायच्या. त्या दिवशीही कुबडी होती. आबांनी ती नीट केली. सिस्टर भिंतीला टेकलेल्या चाकांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून औषधाच्या चिठ्ठीचा कागद काढला आणि त्याच्या पाठीवर एक गोल काढला. गोलाभोवती पानं, पानांमधे बारकी फळं, खाली फितीची गाठ.

"आबा, हे लाकडाचं करून द्याल? नाताळला आम्ही दवाखान्याच्या दाराला लावतो. दरवर्षी खऱ्या पानांचं करतो आणि दरवर्षी शेळ्या खातात. गेल्या वर्षी तर प्रार्थना चालू असताना खाल्लं. सगळे डोळे मिटून उभे, आणि मागे शेळीचं कचर-कचर चालू."

आबांनी कागद उलटा-सुलटा केला. "कसानं पान शे हे?"

"कसलंही चालेल. हिरवं पाहिजे. कडा जरा कातरलेल्या."

"मग निंबनं," आबा म्हणाले. बऱ्याच दिवसांत त्यांनी स्वतःहून सुचवलेली ती पहिली गोष्ट असेल. "आम्ही पाडव्याले बांधतस दारले. तुम्ही हिवाळामा बांधतस. बांधा."

सिस्टर हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमचे जुने सुतार कायमचे गावी गेले. दवाखान्यात खाटा मोडल्यात, बाकं मोडलीत, कुबड्यांना तर अंतच नाही. डॉक्टरसाहेब माणूस शोधताहेत. तुम्ही चाकं करता हे मी सांगितलं, तर म्हणाले, चाकवाल्याला बारीक काम जमेल का? हे करून आणा. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत. मग मी बोलते."

म्हणजे सुरत की धुळं, माझ्या परीक्षा की टिकल्या, हे सगळं त्या कागदावरच्या गोलात येऊन अडकलं. हे मला लगेच कळलं. आबांना कळलं की नाही, कोण जाणे. ते कागद गुडघ्यावर ठेवून तसेच बसले. मी म्हटलं, "आबा, करसूत ना?" ते म्हणाले, "कराले काय... पण कोणाले पाहिजे मन्हं काम?" मी त्यांच्या हातात वाकस दिला. मला त्यांची भीती वाटत होती, आणि त्यांच्यासाठीही. त्यांनी वाकस घेतला.

आवाज सुरू झाला. माय कामावरून आली तर आबा कपच्यांमधे बसलेले. तिने कमरेवर हात ठेवले. "नाताळ त्यास्ना अन रातदिन आम्हना. बांधाबांध कोण करी?" पण ती चुलीपाशी जाताना जरा थांबली, आणि त्या दिवशी ठेच्यावर तेल होतं.

घेरासाठी त्यांनी बाभळीचा तुकडा काढला, चाकासाठी जपून ठेवलेला. सहा वाकड्या पट्ट्या कापल्या, टोकाला टोक लावून लाकडी खुंट्यांनी जोडल्या. पूर्ण चाकाच्या मानाने ते खेळणंच, दीड हात रुंदीचं. पानं त्यांनी खोक्याच्या मऊ फळीतून कोरली. पटाशीने एकेक पान, मधली शीर, कातरलेली कड, टोकाला थोडा बाक. पन्नासेक पानं झाली असतील. एक दुसऱ्यासारखं नव्हतं. फळं म्हणून मी बोरं सुचवली, कारण त्या दिवसांत आमच्याकडे लाल फळ म्हणजे बोर. लांबीची पुट्टी भरणं, घासणं, रंग देणं माझ्याकडे. हिरव्यात मी थोडा पिवळा टाकला, शिरा फिकट काढल्या. बोरं लाल, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, म्हणजे ओली दिसतात. फितीला गुलाबी आणि सोनेरी, गाडीच्या कमळातला उरलेला. खरं सांगते, इतकी सुंदर वस्तू आमच्या दुकानातून त्याआधी बाहेर पडली नव्हती. शेजारच्या बाया बघून गेल्या. एकीने विचारलं, "हे कोणत्या देवनं?" माय म्हणाली, "शेळीस्ना देवनं. त्यास्नी खावाले नको म्हणून लाकडानं शे."

आता जळगावला मी मुलाकडे राहते. आमच्या फ्लॅटच्या दाराला डिसेंबरात सून एक हिरवं चक्र लटकवते, ऑनलाइन मागवलेलं, प्लास्टिकचं, आत दिवे असलेलं. आम्ही काही ख्रिस्ती नाही. नातवंडांना आवडतं म्हणून. ते हलकं इतकं की दार उघडलं की उडतं.  मी एकदाच त्याच्या मागची बाजू बघितली, जोड कसा मारलाय म्हणून. जोड नव्हताच, सगळं एकाच साच्यातलं.

नाताळच्या दोन दिवस आधी, सकाळी, आम्ही ते मायच्या गोधडीत गुंडाळलं आणि रिक्षात बसलो. आबांनी दाढी केली होती. मी मांडीवर धरून बसले. हायवे खोदलेला, रिक्षा आपटत चाललेली. दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा गोधडीच्या आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. खाली उतरून आबांनी एक कोपरा उघडला. घेर सुटला होता. सहाच्या सहा जोडांमधे फट, खुंट्या ढिल्या, चार पानं निखळून गोधडीत पडलेली. तो गोल उरला नव्हता. दोन्ही हातांनी धरला तरी लोंबत होता.

आबा बराच वेळ त्या फटींत बोट घालून बघत होते. मग म्हणाले, "मीच ठेवी." मला कळेना. "जागा मीच ठेवी, बाई. चाकले ठेवतस तशी." चाक करताना घेराचे तुकडे एकमेकांना घट्ट भिडवायचे नसतात, करंगळीच्या नखाएवढी जागा सोडायची. वरून लोखंडी धाव तापवून चढवतात, पाणी ओतलं की ती आवळते आणि सगळे तुकडे एकमेकांत दाबून बसवते. जागा सोडली नाही तर आरेच मोडतात. चाळीस वर्षं आबांच्या हाताने ती जागा सोडली होती. याला धाव चढणार नाही, हे हाताला कोणी सांगितलंच नाही. सरस आणि लांबीने दोन दिवस कसंबसं धरून ठेवलं, खड्ड्यांनी ते फोडलं.

फाटकाच्या आत जायला ते तयार होईनात. "चाकवाला तो चाकवालाच," म्हणाले. रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मुंबई-आग्रा रस्ता तो. ट्रक एकामागून एक, इतके जवळून की धुळीने तोंड भरत होतं. आबा ट्रककडे बघत होते. बघण्याची पण एक रीत असते. माणूस वाहन बघतो तसं ते बघणं नव्हतं. मी त्यांच्याजवळ सरकले.

"तू घर जाय," ते म्हणाले. "मी मांगून येस."

"मी नही जाणार."

"जाय ना बाई. आते काय ऱ्हायनं?"

ते उभे राहिले. मी गोधडी खाली टाकली आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. एकोणीस वर्षांची घोडी, भर रस्त्यात बापाचा सदरा धरून उभी. लोक बघत होते. आबांनी एक पाऊल टाकलं, मी दोन्ही हातांनी ओढलं, शिवण टरकन उसवली. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. रडत होते एवढं नक्की. आणि रडता रडता तोंडातून निघालं, "मग धाव बसाडा ना! जागा ठेवी शे तर धाव बसाडा!"

आबा थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंग जळी जाई."

"जळू द्या. मी परत देसू."

"मामा सकाळले येस."

"येऊ द्या."

ते खाली वाकले. निखळलेली पानं एकेक करून उचलली, खिशात घातली. सदरा उसवलेला तसाच.

करीमचाचांची भट्टी आमच्याच गल्लीच्या टोकाला. आबांनी केलेल्या प्रत्येक चाकाला धाव त्यांनी चढवलेली. त्यांचंही काम बसलंच होतं. आता ते खिडक्यांचे गज करायचे. त्यांनी गोधडीतलं ते बघितलं आणि आधी पोट धरून हसले. "आबा, हे काय, बाहुलीनी गाडीनं चाक शे का? बैल कोठे शेतस, बैल? उंदीर जुंपशी का?" मग आबांच्या तोंडाकडे बघितलं, उसवलेला सदरा बघितला आणि हसणं जागच्या जागी संपलं. माझ्याकडे मान वळवून डोळ्यांनीच विचारलं. मी मान खाली घातली. चाचा उठले. कापसाच्या गाठींना बांधतात ती लोखंडी पट्टी कोपऱ्यातून ओढून काढली, घेराला लावून मापली, मापापेक्षा जराशी आखूड कापली आणि टोकं जोडून ठोकली.

मी तोवर पानं आणि बोरं सोडवत होते. हाताने लावलेलं हाताने काढत. काही निघाली, काही मोडली. चाचांनी गोवऱ्या रचल्या, मधे पट्टी ठेवली. पट्टी लाल झाली तेव्हा आबांनी घेर जमिनीवर दाबून धरला, चाचांनी चिमट्याने धाव वर बसवली आणि हातोडीने चहूबाजूंनी खाली मारली. धूर निघाला. माझा हिरवा रंग फोड येऊन काळा पडला. "पाणी!" चाचा ओरडले. मी बादली ओतली. वाफेत काही दिसेना. फक्त आवाज आला, कट, कट, कट, लाकूड लाकडात शिरण्याचा. सहा वेळा. आबा मोजत होते. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. वाफ गेली तेव्हा जोडांमधे नख शिरत नव्हतं.

उरलेल्या निखाऱ्यांत चाचींनी वांगी टाकली, आमची ती जाड हिरवी भरताची वांगी. आबा भट्टीजवळच उकिडवे बसले आणि भाकरीबरोबर भरीत खाल्लं. एक संपवून दुसरी मागितली. मी मोडलेली पानं मोजत बसले होते.  मोडलेल्यांच्या जागी आबांनी दुपारी नवी कोरली, मी उन्हं उतरेपर्यंत रंग देत राहिले. डिसेंबरची हवा. ऑइल पेंट थंडीत वाळत नाही, हे मला माहीत होतं. आबांनाही होतं. 

सकाळी टेम्पो आला. मामा अंगणात उभा राहून घाई करत होता, भांडी चढत होती, खाट चढली होती. माय पेटीवर बसून ती बंद करत होती. आम्ही दोघं घेर उचलून निघालो, तसा मामा म्हणाला, "आबा, आता कुठे? टेम्पो दुपारपर्यंतच आहे माझ्याकडे." आबा म्हणाले, "मग दुपारलोंग थांब." मायने पेटीवरून आमच्याकडे बघितलं. ती काहीतरी कडू बोलेल म्हणून मी वाट बघितली. ती म्हणाली, "रंग ओला शे. पोलक्याले लागी, जपीसन धर."

रिक्षा केली नाही. चालत गेलो, दोघांनी दोन बाजूंनी धरून, हायवेच्या कडेने, ट्रक जात असताना. दवाखान्यात डॉक्टरसाहेब स्वतः दारात आले. दक्षिणेकडचे, उंच, पांढऱ्या केसांचे, मराठी मोडकं. त्यांनी घेर हातात घेतला आणि खाली वाकलेच, इतका जड. बोटांना हिरवा रंग लागला. "हे तर दार पाडेल," म्हणाले. सिस्टरांनी कपाळाला हात लावला.  डॉक्टरांनी घेर पालथा केला, लोखंडी पट्टी बघितली, काळा पडलेला काठ बघितला आणि आबांना विचारलं, "हे का?"

आबांनी सांगितलं. सगळं. जागा का सोडली, हायवेवर काय झालं, धाव कशी चढवली, रंग अजून का ओला आहे. एकही गोष्ट लपवली नाही. रस्त्यावरच्या त्या दगडाचं तेवढं सांगितलं नाही. सिस्टर मधे मधे डॉक्टरांना इंग्रजीत समजावत होत्या. डॉक्टरांनी जोडावर नख फिरवलं. मग घेर पायरीवर उभा केला आणि त्यावर आपला बूट ठेवून दाबला. हलला नाही. त्यांनी आबांना आत नेलं. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. ओल्या हिरव्या रंगाला एक शेळी येऊन हुंगून गेली.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मोडक्या खाटेचा पाय होता. "हे उद्या नही, परवा लागस त्यास्ले," म्हणाले.  घरी आलो. मामाने ऐकलं, चिडला, समजावलं, परत चिडला. मायने टेम्पोतली खाट ओढायला सुरुवात केली. तिला एकटीला झेपेना, म्हणून मामाच शेवटी दुसऱ्या बाजूला लागला.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. मायचा खोकला गेला नाही, ती त्यानंतर सहा वर्षांनी त्यातच गेली. आबांनी त्यानंतर एकही चाक केलं नाही. भिंतीला टेकलेली जोडी पुढे जळणात गेली. त्या दगडाबद्दल आम्ही बापलेक आयुष्यात कधी बोललो नाही. मीही हे पहिल्यांदाच लिहिते आहे. पण आबा शेवटपर्यंत त्या दवाखान्याच्या खाटा, बाकं आणि कुबड्या करत राहिले, आणि आम्ही धुळ्यातच राहिलो. मार्चमध्ये मी पहिल्या वर्षाची परीक्षा दिली. त्यानंतर दोन वर्षांनी मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी.